डर्बीआधी तिसरा आलेला कोल्ट: निकाल वाचायचा की शर्यत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या चार मित्रांनी मिळून एका कोल्टमध्ये, म्हणजे तरुण नर घोड्यात, वाटा घेतला आहे. चौघांच्याही घरी बैलगाडा शर्यतीचा नाद, घोड्यांच्या रेसशी मात्र नवी ओळख. गेल्या रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर २००० मीटरच्या हँडिकॅप शर्यतीत (जिथं चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात) त्यांचा कोल्ट तिसरा आला, पावणेतीन लांबींनी हरला. लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी. इंडियन डर्बीला, म्हणजे चार वर्षांच्या घोड्यांच्या २४०० मीटरच्या मोठ्या शर्यतीला, चार आठवडे उरलेत. गावातली माणसं म्हणतात, आधीच्याच शर्यतीत हरलेला घोडा डर्बीत काय दिवे लावणार? ट्रेनर म्हणतात, उतरवू या. ऐकायचं कुणाचं, आणि अशी शर्यत वाचायची कशी, असं त्यांनी विचारलंय. सोबत व्हिडिओ, वजनं आणि वेळा पाठवल्या आहेत.

मी तीसेक वर्षं पुण्या-मुंबईच्या तबेल्यांत काढली, त्यातली बरीचशी सहायक ट्रेनर म्हणून. आता रेसकोर्स नाक्याजवळ राहतो. तुमचा व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. उत्तर आधीच सांगतो: निकालावरून "नको" म्हणू नका. त्या दिवशी तुमच्या कोल्टनं जिंकलेल्या घोड्यापेक्षा जास्त काम केलं. पण व्हिडिओत मला एक गोष्ट खटकली आहे, आणि डर्बीत उतरवायचं की नाही हे तिच्यावर ठरेल. तिच्याकडे क्रमाने येतो, कारण आधीचा हिशेब समजल्याशिवाय ती दिसत नाही.

तुम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे एक गोष्ट तुम्हाला पटकन कळेल. खासबागच्या मोठ्या मैदानाआधी महिनाभर वस्ताद आपल्या पोराला एखाद्या गावच्या जत्रेत उतरवतो. जोड मुद्दाम वजनानं भारी बघतो. कुस्ती बरोबरीत सुटते आणि गावकरी म्हणतात, पोरगं काही चाललं नाही. वस्ताद परत येताना गाडीत एवढंच विचारतो की दहाव्या मिनिटाला दम कसा होता, आणि खाली गेल्यावर अंग ढिलं पडलं का. डर्बीआधीची शर्यत तशीच असते. तिथं घोड्याकडून काहीतरी मागितलेलं असतं. काय मागितलं, त्यानं किती दिलं आणि किती शिल्लक ठेवलं, एवढंच वाचायचं असतं. पहिला कोण आला हे त्या वाचनातलं एक वाक्य आहे.

इथं एक फरक स्वच्छ ठेवा. चांगला ट्रेनर शेवटच्या शर्यतीला घोडा पूर्ण धारेवर आणत नाही. धार डर्बीच्या दिवसासाठी राखतो. याचा अर्थ घोडा मुद्दाम ओढून धरला असा नाही. प्रत्येक घोडा जिंकण्यासाठीच पळवला पाहिजे हा नियम आहे, स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, त्यावर नजर ठेवतात, आणि तो मोडणाऱ्याच्या तबेल्यात मी कधी पाय ठेवला नाही. तुमच्या जॉकीनं सरळीत, म्हणजे शेवटच्या सरळ पट्ट्यात, लागल्यावर हातानं पूर्ण जोर लावलाय, ते व्हिडिओत दिसतं. घोडा प्रामाणिकपणे पळाला, फक्त तयारीत थोडा कमी होता. मधल्या आठवड्यांत ती तयारी वाढवायला जागा आहे.

आता वजनं. क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो, आणि आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. तुमच्या कोल्टवर ५८ किलो होते, जिंकलेल्यावर ५४.५ आणि दुसऱ्या आलेल्या फिलीवर, म्हणजे तरुण घोडीवर, ५३. डर्बीत हा फरक राहत नाही. तिथं सगळे कोल्ट ५७ किलो घेऊन पळतात आणि फिलीला दीड किलोची सूट मिळते. म्हणून पहिला हिशेब हा की वजनं सारखी असती तर काय झालं असतं.

त्यासाठी लांबीचे किलो करावे लागतात. ढोबळ माप असं धरतात: १००० मीटरला एक लांबी म्हणजे सुमारे १.४ किलो, १६०० ला सुमारे ०.९, २००० ला पाऊण किलो आणि २४०० ला ०.६ च्या आसपास. अंतर वाढेल तसा एका लांबीमागचा किलो कमी होतो, कारण तेवढंच जादा ओझं जितकं लांब वाहावं तितकं घोड्याला जास्त मागे ओढतं. हे माप म्हणजे सोनाराचा काटा नव्हे, बाजारातला तराजू आहे. पण काहीच न मोजण्यापेक्षा बरा.

तुमचा कोल्ट पावणेतीन लांबींनी हरला, म्हणजे २००० मीटरच्या मापानं दोन किलोंनी. पण तो जिंकलेल्याला साडेतीन किलो देत होता. सारख्या वजनावर तो दीड किलोनं, म्हणजे रेटिंगच्या तीन गुणांनी पुढे येतो. फिलीचं असंच. ती त्याच्यापुढे पावणेदोन लांबी होती, म्हणजे सुमारे १.३ किलो. त्या दिवशी तो तिला पाच किलो देत होता, डर्बीत दीडच द्यायचे आहेत. हा साडेतीन किलोंचा फरक धरला तर तो तिच्याही दोनेक किलोंनी पुढे जातो. म्हणजे फक्त वजनाचा काटा धरला तर तिसरा आलेला घोडा तिघांत सरस ठरतो.

बरेच लोक इथंच थांबतात आणि चुकतात. वजनाचा हिशेब धरतो की तिन्ही घोडे आपापल्या पूर्ण ताकदीनं, सारख्या सोयीनं पळाले. तसं क्वचितच असतं. म्हणून वेळा काढा.

शर्यतीची एकूण वेळ २ मिनिटं ७.५ सेकंद. शेवटचे ६०० मीटर, पुढच्या घोड्यानं, ३५.४ सेकंदांत. म्हणजे आधीचे १४०० मीटर ९२.१ सेकंदांत गेले. दर २०० मीटरला सुरुवातीला सरासरी १३.२ सेकंदांच्या जवळ, शेवटी ११.८. शेवटच्या ६०० मीटरपर्यंत चाल आरामाची होती आणि मग अचानक सुटले. त्याच दिवशी त्याच अंतराची खालच्या क्लासची शर्यत २ मिनिटं ६.२ सेकंदांत झाली, हे तुम्हीच पाठवलेल्या कागदावर आहे. खालच्या क्लासचे घोडे सव्वा सेकंदाहून जास्त लवकर आले. म्हणून त्या दिवसाच्या नुसत्या वेळेवरून तुमची शर्यत हलकी होती असं म्हणू नका. ती हळू चालवली गेली, एवढंच खरं. वेळेची तुलना नेहमी त्याच दिवसाच्या, त्याच ट्रॅकच्या दुसऱ्या शर्यतीशी करायची. पेनेट्रोमीटरचा (जमीन किती कडक ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा बदलला, फॉल्स रेल (आतलं तात्पुरतं कुंपण) बाहेर सरकवला, की मागच्या आठवड्याची वेळ कामाची राहत नाही.

हळू चालीचा फायदा कुणाला? जो पुढे होता त्याला. जिंकलेला घोडा पहिल्यापासून पुढे, एकटा, कुणी त्रास दिला नाही. त्याच्याजवळ शेवटच्या ६०० मीटरला पूर्ण दम होता. तुमचा कोल्ट तिथं सात लांबी मागे होता. शेवटच्या खांबाला (पोस्टाला) पावणेतीन उरल्या. म्हणजे त्यानं सव्वाचार लांबी भरून काढल्या, तेही पुढचे घोडे थकलेले नसताना. एका सेकंदाला सहा लांबी धरल्या तर त्याचे शेवटचे ६०० मीटर ३४.७ सेकंदांच्या आसपास बसतात. ५८ किलो घेऊन. त्या शर्यतीत हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे आणि निकालाच्या पाटीवर तो कुठंही नाही.

आणखी एक. वळणावर तो रेलपासून दोन घोड्यांच्या बाहेरून आला. शाळेतली भूमिती इथं उपयोगी पडते. अर्धवर्तुळाच्या वळणावर एक मीटर बाहेरून पळालात तर साधारण ३.१४ मीटर जास्त पळता. दोन मीटर बाहेर म्हणजे सव्वासहा मीटर, एका लांबीचे २.४ मीटर धरले तर अडीच लांबींहून जास्त.

आता सांभाळा. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक ही असते की तो या सगळ्या सवलती एकावर एक रचतो. वजनाच्या दोन लांबी, बाहेरून आल्याच्या अडीच, हळू चालीच्या दोन, आणि शेवटी घोडा कागदावर साडेसहा लांबींनी डर्बी जिंकतो. तसं करू नका. चाल हळू होती तेव्हा बाहेरून पळण्याचा तोटाही कमी असतो, कारण दम खर्च होत नसतो. आणि शेवटच्या ६०० मीटरचा आकडा एवढा चांगला दिसतो त्याचं एक कारणच हे की आधी सगळे आरामात होते. मी यातली वजनाची सवलत पूर्ण धरतो, चालीची निम्मी, वळणाची चौथाई. एवढं धरूनही तुमचा कोल्ट त्या शर्यतीतला पहिला घोडा ठरतो. मला पुरेसं आहे.

आता ती खटकलेली गोष्ट. व्हिडिओ वळणावर थांबवा. महालक्ष्मीवर घोडे उजव्या हाताला वळत जातात. तुमचा कोल्ट वळणाच्या मध्यावर आतला रस्ता मोकळा असूनही बाहेर सरकतो. तुम्ही लिहिलंय, "जॉकीनं बाहेरून नेलं, नशीब वाईट." नीट बघा. जॉकीचा उजवा हात मागे आहे, तो त्याला आत घ्यायला बघतोय. घोड्याचं तोंड वाकडं आहे, जबडा किंचित उघडा, मान लगामापासून चुकवतोय. सरळीत लगाम सैल झाल्यावर तो सरळ झाला आणि मग सुटला. म्हणजे बाहेरून येणं नशीब नव्हतं. माझ्या मते त्याच्या तोंडात काहीतरी दुखतंय.

इथं तुमचं बैलगाड्याचं ज्ञान कामाला येतं. आदत, दुसा, चौसा असे वर्ग तुम्ही दात बघूनच करता. घोड्यातही तसंच आहे. पुढच्या दुधाच्या दातांची पहिली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास जाते, दुसरी साडेतीनला, तिसरी साडेचारला. पण त्याहून महत्त्वाचे गालाकडचे दात. त्यांच्यावरच्या दुधाच्या टोप्या चार वर्षांपर्यंत सुटत असतात. अर्धवट सुटलेली टोपी हिरडीला टोचते, गाल सोलते, आणि लगाम ओढला की घोडा त्या बाजूनं तोंड फिरवतो. आपल्या डर्बीतला घोडा नियमानं चार वर्षांचा असतो, कारण सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीला जन्मलेला डर्बीच्या दिवशी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ४९ महिन्यांचा असतो आणि एप्रिलअखेर जन्मलेला जेमतेम सव्वापंचेचाळीस. दोघांच्याही तोंडात तेव्हा दातांची उलथापालथ चालू असू शकते.

तोंडातल्या लहानशा दुखण्यानं केवढा घोडा हरतो याचं उदाहरण साऱ्या जगाला माहीत आहे. १९७३ साली अमेरिकेत केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियल शर्यतीत सेक्रेटेरियट तिसरा आला. पहिला आला अँगल लाइट, त्याच्याच ट्रेनरचा दुसरा घोडा, आणि दुसरा शॅम. सेक्रेटेरियटच्या वरच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. अनेकांनी तेव्हा त्याला लांब अंतराचा दमसास नाही असा निकाल देऊन टाकला. गळू बरं झालं. ५ मे रोजी चर्चिल डाउन्सवर त्यानं सव्वा मैलाची डर्बी १ मिनिट ५९.४ सेकंदांत जिंकली आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्यातले पाव-पाव मैलाचे टप्पे वाचा: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जलद. घोडे शेवटाकडे मंदावतात, हा वेग घेत गेला. दोन आठवड्यांपूर्वीचा निकाल वाचून ज्यांनी त्याला टाकलं होतं, त्यांनी निकालाची पाटी वाचली होती पण घोड्याचं तोंड वाचलं नव्हतं.

तुमचा घोडा सेक्रेटेरियट आहे असं मी म्हणत नाही. दुखणं शोधायची जागा दाखवतोय.

वयाचं आणखी थोडं. केंटकीची डर्बी मेच्या पहिल्या शनिवारी आणि तीन वर्षांच्या घोड्यांची. तिथले घोडे आपल्या डर्बीतल्या घोड्यांपेक्षा आठ-नऊ महिन्यांनी लहान असतात. त्या वयात तीन महिन्यांचा फरक मोठा, घोडा महिन्याभरात बदलून येतो. म्हणून तिकडे डर्बीआधीच्या शर्यती वाचणारी माणसं "कोण सुधारतोय" यावर फार भर देतात. आपल्याकडे फेब्रुवारीत हाडं बरीचशी पक्की झालेली असतात, सुधारणेचा वेग कमी. तरी जिंकलेला घोडा एप्रिलचा आहे आणि तुमचा जानेवारीचा, हे कार्डावर आहे. त्या जिंकलेल्यात अजून वाढ शिल्लक असू शकते. माझ्या दीड किलोतला अर्धा किलो मी त्याला यासाठी परत देतो.

मग प्रश्न उरतो २४०० मीटरचा. २००० ते २४०० हे नुसते ४०० मीटर नव्हेत. डिसेंबरमधल्या १६०० मीटरच्या गिनीज शर्यतीत सहज पळालेले कितीतरी घोडे इथं संपतात. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, भरधाव असताना एका झेपेला (चारही पाय एकदा पडेपर्यंत) एकच श्वास बसतो, त्यामुळे जो घोडा सुरुवातीला ओढाताण करतो त्याची झेप आणि श्वास दोन्ही बिघडतात. दमसास कुठून ओळखायचा? वंशावळ बघा. बापाकडून तुमचा कोल्ट बरा आहे, आईकडून सगळे १२०० मीटरचे. २०१० साली आयर्लंडच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचा आणि घोड्याच्या अंतराचा संबंध दाखवला. त्याच्या एका प्रकारचे घोडे कमी अंतराला, दुसऱ्या प्रकारचे लांबला आणि दोन्हींचं मिश्रण असलेले मधल्या अंतराला चांगले पळतात. तपासणी करून घ्यायची तर घ्या, पण माझा भरवसा दुसऱ्या गोष्टीवर जास्त आहे.

व्हिडिओ पोस्टाला थांबवू नका. पोस्टानंतरचे दोनशे मीटर बघा. प्रेक्षक तिथून नजर काढतात आणि तिथंच घोडा खरं बोलतो. तुमचा कोल्ट पोस्टानंतर फिलीला मागे टाकतो आणि पुढच्या वळणापर्यंत जिंकलेल्याच्या बरोबरीला जातो. जॉकी उभा राहिलाय, कुणी हाकत नाही. कान पुढे आहेत. असा घोडा चारशे मीटर आणखी मागतोय. आईकडच्या १२०० मीटरच्या नातेवाईकांपेक्षा मी या दोनशे मीटरवर विश्वास ठेवतो.

डर्बीत चाल हळू असणार नाही, हेही धरा. घोडे जास्त, प्रत्येकाला जागा हवी, कुणीतरी पुढे जाऊन चाल तोडतोच. २०२२ च्या केंटकी डर्बीत पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत गेला. पुढच्यांचा दम संपला आणि मागून रिच स्ट्राइक आला. त्याचा भाव ऐंशीला एक होता. आदल्या दिवशी दुसरा घोडा मागे घेतला म्हणून त्याला ऐनवेळी जागा मिळाली होती, आणि आधीच्या शर्यतीत, टर्फवे पार्कवरच्या जेफ रूबीमध्ये, तो तिसरा आला होता. हे ऐकून खूश होऊ नका. त्यानंतर तो एकही शर्यत जिंकला नाही. त्या दिवशीची चाल त्याच्या मदतीला होती. तुमच्या कोल्टलाही जलद चाल मानवेल असं मला वाटतं, पण चालीवर तुमचा ताबा नाही. तोंडावर, पायांवर आणि खुराकावर आहे.

जिंकलेल्याबद्दल एवढंच. त्याचा गाजावाजा चाललाय तो फुकटचा नाही. तो शांत घोडा आहे आणि गेटमधून सरळ सुटतो. त्याला डर्बीत कुणी पुढे एकटा सोडलं तर तो पुन्हा पकडला जाणार नाही. आणि फिलीला कमी लेखायची चूक करू नका. २०११ ची इंडियन डर्बी जॅकलीन या फिलीनंच जिंकली होती.

आता पुढचे चार आठवडे. इथं मी माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या हातून व्हायला नको. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक कोल्ट होता. डर्बीआधीच्या शर्यतीत चौथा आला, वाईट हरला नव्हता. मला वाटलं तयारी कमी पडली. डर्बीला अकरा दिवस असताना मी त्याला सँड ट्रॅकवर जोराचं काम दिलं, शेवटचे ६०० मीटर ३७ सेकंदांत. घड्याळ बघून मी खूश झालो. त्या आधीचे तीन दिवस त्यानं चंदी, म्हणजे रोजचा दाणा, अर्धी ठेवली होती. घोडा सांभाळणाऱ्या सईसनं ते मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढच्या डाव्या पायाच्या शिरेवर हात ठेवला तर ती तापलेली. डर्बी गेली, आणि तो घोडा पुन्हा तसा कधीच पळाला नाही. तो सईस चाळीस वर्षं घोड्यांबरोबर होता. त्याचा शब्द घड्याळापेक्षा मोठा होता, हे मला फार महागात कळलं.

म्हणून ट्रेनरना फोन करताना आकडे विचारण्याआधी हे विचारा. शर्यतीनंतर पहिल्या रात्री त्यानं चंदी संपवली का, दुसऱ्या रात्री संपवली का. लसूणघास नीट चावतो की तोंडातून लगदा टाकतो. लगदा टाकत असेल तर माझा दातांचा संशय जवळजवळ पक्का. नाकातून रक्ताचा डाग दिसला होता का. चारही पाय थंड आहेत का, विशेषतः पहाटे, चालवण्याआधी. किती दिवसांनी दुडकीला निघाला आणि पहिली पावलं आखडत टाकतो का. ट्रेनर चांगला असेल तर या प्रश्नांनी रागावणार नाही, उलट तुमच्याशी मोकळा होईल. कागदावरच्या मालकापेक्षा घोड्याचं पोट विचारणारा मालक कुठल्याही तबेल्याला हवासा असतो.

मी ट्रेनरच्या जागी असतो तर सगळ्यात आधी दातांचा डॉक्टर बोलावून तोंड उघडायचं उपकरण लावून गालाकडचे दात बघितले असते. टोपी अडकलेली असेल तर ती काढायला काही मिनिटं लागतात. त्यानंतर चार-पाच दिवस हलका लगाम, नुसती दुडकी आणि चाल. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी १६०० मीटर आरामात, शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदांत, दुसऱ्या घोड्याच्या सोबत आणि मुद्दाम त्याच्या आतल्या बाजूनं. वळणावर तो आत राहतो का, हे त्या सकाळी कळेल. वेळ ४० ची ४१ झाली तरी चालेल. तोंड सरळ हवं. तिसऱ्या आठवड्यात एकच चोख काम, तेही चंदी पूर्ण जात असेल तरच. शेवटच्या आठवड्यात अंग मोकळं ठेवण्यापुरतं.

तो वळणावर आत राहिला तर उतरवा. त्या दिवशी बाहेर सरकण्यात गेलेला दम त्याच्याकडे शिल्लक राहील, आणि ५८ च्या जागी ५७ किलो असतील. पहिल्या चारांत न येण्याचं मला कारण दिसत नाही, आणि चाल जलद झाली तर त्याहून बरं.

दात ठीक निघाले आणि तरीही तो बाहेर सरकला, तर गोष्ट वेगळी. मग दुखणं तोंडात नसून उजव्या पुढच्या पायात किंवा पाठीत असू शकतं, आणि अशा घोड्याला २४०० मीटरला, एवढ्या गर्दीत, घालू नका. भरलेले पैसे जाऊ देत. सप्टेंबरमध्ये पुण्यात २८०० मीटरची सेंट लेजर आहे, तोवर त्याला बरं व्हायला वेळ आहे. घोडा तुमच्याकडे राहिला पाहिजे.

शक्य असेल तर दुसऱ्या आठवड्याच्या त्या कामाला तुमच्यातला एकजण तरी पहाटे ट्रॅकवर जा. वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहा, सरळीत नको. त्याचं तोंड कुठं आहे ते बघा, आणि परत आल्यावर सईसकडे दोन मिनिटं बसा. तो काय म्हणाला तेवढं मला कळवा, वेळ नाही कळवली तरी चालेल.